शेजारच्या खुर्चीतल्या बाई

त्या बाईंनी मला सांभाळून घेतलं, हे आधी सांगतो. नाव विचारायचं राहूनच गेलं.

इथे आखातात, ऊद मेथा भागात, मुलीच्या शाळेत पालकांची सभा होती. मी सातवी नापास आणि कागद इंग्रजीत. हजेरी समजून 'यस'समोर सही करणार, तेवढ्यात शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "दादा, थांबा. हे मत आहे."

चष्म्याची काडी ओळींवरून फिरवत त्यांनी समजावलं. शाळेच्या कमिटीत अकराऐवजी सातच जण राहणार, निवडणूक दोनऐवजी चार वर्षांनी होणार.

"मग आमच्या कुसैस वस्तीच्या शाळेच्या बसमध्ये पोरं उभी जातात, त्याचं कोण बोलणार?"

"ते तुम्ही ठरवा. पण न कळता सही करू नका. विचारायची लाज घडीभरच असते, दादा."

मी 'नो'वर सही केली. ठराव पास झाला, खलास. अध्यक्षांनी कमी झालेल्या चौघांना उभं केलं, त्यांत या बाई! टाळ्या संपेपर्यंत त्या चष्मा पुसत राहिल्या. स्वतःची जागा जातेय, हे मला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

मुलगी अजून उभीच जाते. चार वर्षं इथे टिकलो, तर इन्शाल्ला, बाईंना शोधून निवडणुकीला उभं करीन आणि कुसैसमध्ये दारोदार त्यांच्यासाठी मतं मागीन.