एकहाती गाडी

मला तक्ते करायची खोड आहे. सोलापूरच्या एका शाळेत मी मराठी शिकवते, पण घरात कुकर घ्यायचा असला तरी आधी वहीचं पान आडवं धरते, रेघा मारते आणि रकाने पाडते. नवरा म्हणतो, आपलं लग्नही तू रकाने पाडूनच ठरवलं असशील. ठरवलं होतं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

त्यामुळे दादाचा फोन आला आणि त्यानं विचारलं, "जुनी गाडी काढावी म्हन्तोय, नवी कंची घिऊ?" तेव्हा मला आनंदच झाला. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. माढ्याजवळच्या आमच्या गावात राहतो. जमीन थोडकी, म्हणून गेली अकरा वर्षं एक छोटी डिझेल पिकअप चालवतो. पहाटे गावातली वांगी-टोमॅटोची क्रेटं भरायची, सोलापूरच्या मार्केट यार्डात उतरवायची आणि परतताना गावातल्या दुकानांचा किराणा न्यायचा. गावात त्याला नावानं हाक मारणारे कमी, गाडीवाला म्हणणारे जास्त. त्याला ते मनापासून आवडतं. आयुष्यभर मला सल्ले देणाऱ्या या माणसानं माझा सल्ला मागितला होता, आणि मी तो अगदी रीतसर द्यायचं ठरवलं.

तीन गाड्या निवडल्या. एक डिझेलची, एक सीएनजीची आणि एक बॅटरीवरची. पुढं तीन रकाने पाडले: ताकद, भरवसा, फेरविक्री. फोनवर वाचून दाखवले.

"फेरविक्री म्हंजे गं काय?"

"रिसेल, दादा."

"मग रिसेल म्हन की! मास्तरीणबाई, असलं बोललीस तर गिऱ्हाईक पळून जाईल."

मी ऐकलं नाही. चांगला मराठी शब्द हाताशी असताना इंग्रजी लिहायला माझा हात वळत नाही. वर्गात मुलं मला यावरून हसतात, हे मला माहीत आहे. हसू देत.

एका रविवारी दादा गाड्या बघायला सोलापूरला आला. एसटीनं आला. सुट्टीच्या दिवशी डिझेल कशाला जाळायचं, म्हणाला. मी सात रस्त्याच्या चौकात त्याला गाठलं आणि आम्ही रिक्षानं दुकानं पालथी घालायला निघालो. डिझेलच्या गाडीपाशी सेल्समननं किल्ली पुढं केली, तर दादा म्हणाला, "तुमीच चालवा. मी शेजारी बसून आवाज ऐकतो." डोळे मिटून त्यानं इंजिन ऐकलं. चढावर गाडी दमते का, रिकामी असताना मागून उडते का, एवढंच विचारलं. सीएनजीच्या गाडीलाही तेच. मला त्याचं फार कौतुक वाटलं. अकरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला स्टिअरिंग धरायचीही गरज पडत नाही, नुसत्या कानानं कळतं, असं मी घरी येऊन सांगितलंसुद्धा.

बॅटरीच्या गाडीत मात्र तो स्वतः बसला. दुकानामागच्या रस्त्यावर त्यानं तीन फेऱ्या मारल्या. उतरला तेव्हा चेहरा खुलला होता.

"हिला गिअरच न्हाईत गं," तो म्हणाला. "क्लच बी न्हाय. नुसतं बसायचं अन् जायचं."

मला वाटलं, नव्याची नवलाई. मी वहीत काहीच लिहिलं नाही.

नंतरचे आठ दिवस मी चौकशीत घालवले. यार्डातल्या गाडीवाल्यांना विचारलं. भवानी पेठेत माझी स्कूटर दुरुस्त करणारे एक म्हातारे फिटर आहेत, त्यांना गाठलं. त्यांनी तक्ता हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि शेवटच्या रकान्यावर काळं बोट ठेवलं. म्हणाले, "आपा, गाडी बेचने को लेरै क्या, चलाने को?" मी हसले. मला तो विनोद वाटला. जाताना तक्त्यावर त्यांच्या बोटाचा ऑइलचा डाग राहिला, तो मी खोडरबरानं घासत बसले.

निकाल उघड होता. ताकदीत डिझेल वर. भरवशात डिझेल वर, कारण तिचा फिटर माढ्यातही मिळतो. फेरविक्रीत तर प्रश्नच नव्हता. बॅटरीच्या गाडीपुढं मी तिथं प्रश्नचिन्ह टाकलं होतं, कारण आमच्या भागात ती कुणी अजून विकलेलीच नव्हती. शिवाय भरलेली गाडी एका चार्जिंगमध्ये गावाहून सोलापूरला येऊन परत पोचणार नाही, हे सेल्समननंच कबूल केलं होतं. मी फोन करून सगळं नीट वाचून दाखवलं.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी बॅटरीचीच घेतो."

"अरे, पण परत कसा जाणार?"

"बगू की."

"बघू काय? मग मला विचारलंस कशाला?"

आणि मग मी ते वाक्य बोलले. मला ते शब्दन् शब्द आठवतं, कारण मी ते अगदी सुबक बोलले होते. "दादा, साठीला आलास. आता खेळणी घेऊन काय करायचंय? दोन-चार वर्षं चालवशील, मग विकावीच लागेल. तेव्हा भाव काय येईल, ते बघायला नको?"

त्यानं फोन ठेवला.

आठवडाभर बोलणं नव्हतं. मग त्याचा निरोप आला, आवाज रेकॉर्ड केलेला: "जुन्या गाडीची जायरात लिवून दे. तेवढं तरी कर." मला बरं वाटलं. भांडणानंतर काम सांगणं ही आमच्या घरातली माफी असते. मी मन लावून जाहिरात लिहिली. एमएच तेरा पासिंग, टायर नवे, कागदपत्रं पूर्ण. अकरा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीला या धंद्यात सगळे 'सिंगल हँड' म्हणतात. ते मला लिहवेना. मी त्याचं मराठी केलं आणि सगळ्यात वर ठळक लिहिलं: 'एकहाती गाडी विकणे आहे.' खाली दादाचा नंबर टाकला आणि गावातल्या व यार्डातल्या ग्रुपवर पाठवून दिली. शब्दावर मी खूश होते.

त्याच दुपारी दादा दारात उभा राहिला. पायांत चपला तशाच. त्यानं माझ्यापुढं मोबाईल धरला.

"कुनी सांगितलं तुला?"

"काय कुणी सांगितलं?"

"तुज्या वैनीनं सांगितलं का? तिला शपत घातली व्हती मी. अन् सांगितलं तर सांगितलं, पर साऱ्या यार्डात लिवून टाकायचं व्हय गं? एकहाती? मानसं फोन करून इचारायला लागली."

"दादा, ते सिंगल हँडचं मराठी आहे," मी म्हणाले. "एकाच मालकाची गाडी. दुसरं काय?"

त्यानं मोबाईल खिशात घातला. मग खुर्चीवर बसला. ज्यांनी फोन केले होते, ते गाडी एकाच मालकाची आहे का, एवढंच विचारत होते, हे त्याच्याही आत्ताच ध्यानात आलं असावं. त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या-भांडं समोर ठेवलं. त्यानं उजव्या हातानं तांब्या उचलला, ओतलं, तांब्या खाली ठेवला आणि त्याच उजव्या हातानं भांडं उचललं. डावा हात मांडीवर पडून होता. तेव्हा मला दिसलं. इतक्या दिवसांत तेव्हा दिसलं.

"कधीपासून?"

"चार म्हयनं झालं. कोपरात शीर दबलीया म्हन्त्यात. हात वर हुतो, पर मूठ वळत न्हाय." त्यानं बोटं वळवून दाखवली. ती अर्ध्यावर थांबली.

ज्यांनी गाडी चालवली नसेल त्यांच्यासाठी सांगते: आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडं असतं आणि गिअर डाव्या हाताला. डाव्या हाताची मूठ नसेल, तर गिअर पडत नाही.

"मग चार महिने गिअर टाकलेस कसे?"

"उजव्या हातानं. आडवं हून."

"आणि तेव्हा स्टिअरिंग?"

त्यानं भांडं तांब्याशेजारी सरकवलं.

"दादा, स्टिअरिंग कोण धरत होतं?"

"गुडगा," तो म्हणाला.

मी त्याच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. पुण्याहून येणाऱ्या त्या मोठ्या रस्त्यावर, पहाटेच्या अंधारात, मागं टोमॅटो भरलेले आणि स्टिअरिंगला गुडघा! तुला काही झालं असतं तर? दुसऱ्या कुणाला काही झालं असतं तर? तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि ते मला अजिबात सोसवेना. मला राग त्याचा आला होता तेवढाच माझाही. एसटीनं येणं, शेजारी बसून आवाज ऐकणं, गिअर नाहीत म्हणून खुलणं, हे सगळं माझ्या समोर घडलं होतं. मी प्रत्येक वेळी वहीत बघत होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? सांगितलं की तुमी समदी म्हननार, बास झालं, बसा आता घरी." त्यानं आता कुठं चपला काढल्या. "घरी बसून मी काय करू गं? मला दुसरं येतंय काय?"

हा माणूस मला सायकल शिकवताना शाळेच्या मैदानावर माझ्यामागं पळायचा. सीट डाव्या हातानं धरायचा, कारण उजव्या हातात माझं दप्तर असायचं. सोडू नको, सोडू नको, असं मी ओरडत राहायची आणि तो मागून म्हणायचा, धरलंय की. मी रडले. तोही रडला, पण त्यानं ते घामावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. या वेळी मी वही नेली नाही. डॉक्टरांनी त्याला बोटं दाबायला लावली, कोपरावर टकटक केलं. म्हणाले, उपचार करू, पण पूर्वीची पकड येईलच असा शब्द देत नाही. गिअरची गाडी आजपासून बंद. बिनगिअरची चालेल का, ते त्यांनी लगेच सांगितलं नाही. त्यांनी त्याचा डावा हात टेबलावर ठेवायला लावला, वर, खाली, डावीकडं, उजवीकडं फिरवायला लावला, आपल्या हातानं अडवून बघितला. मग म्हणाले, चालेल, पण दर तीन महिन्यांनी मला हात दाखवायचा. दादानं एवढ्या जोरानं मान हलवली की डॉक्टर हसले.

घरी येऊन मी नवा तक्ता केला. चौथा रकाना पाडला आणि त्याला नाव दिलं: 'दादाला चालवता येते का'. दोन गाड्यांपुढं नाही लिहिलं, एकीपुढं हो. बाकीचे तीन रकाने त्यानंतर कुणी वाचलेच नाहीत. भवानी पेठेतल्या फिटरचा विनोद मला तेव्हा कळला. तो विनोद नव्हता.

राहिला प्रश्न परत जाण्याचा. त्यावरही दादानं विचार करून ठेवला होता, पण बोलायला तयार नव्हता. वैनीनंच सांगितलं, "सोलापुरात दुपारपतूर कुटं चार्जिंगला लावली तर जमतंय म्हन्त्यात. पर रोज भैनीच्या दारात जाऊन बसायचं त्यांना बरं वाटंना."

"त्याला सांग," मी म्हणाले, "वीस वर्षं मी त्याला ये ये म्हणतेय. चहा घेऊन उभ्या उभ्या पळतो. आता बसावंच लागेल."

नवऱ्यानं दाराबाहेरच्या भिंतीवर मोठा सॉकेट बसवून घेतला. बॅटरीची गाडी आली. तेव्हापासून दादा यार्डातनं सकाळी आमच्याकडे येतो, गाडी चार्जिंगला लावतो, अंगणात पेपर वाचतो, झोप काढतो. मी शाळेतून मधल्या सुट्टीत घरी येते तेव्हा आम्ही दोघं जेवतो. हे सुख मी कुठल्याच रकान्यात धरलं नव्हतं.

जुन्या गाडीला गिऱ्हाईक करमाळ्याकडून आलं. माझ्याच वयाचा, पांढऱ्या शर्टातला माणूस. त्यानं गाडी फिरवून आणली, बॉनेट उघडून बघितलं आणि दादाला म्हणाला, "इंजिन ब्येस हाय पाव्हनं. पर तिसरा गिअर लई कुरकुरतोय. कशानं?"

मी दादाकडं बघितलं. गाडी जुनी झाली, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. गिऱ्हाईकानं मानही डोलावली असती.

दादा म्हणाला, "जायरातीत एकहाती लिवलंय न्हवं? ते खरं हाय. आकरा वर्सं मी दोन हातानं चालवली. शेवटचं चार म्हयनं एका हातानं. ह्यो डावा चालत न्हाय. उजव्या हातानं आडवं हून गिअर टाकत व्हतो, त्यानं दात झिजलं असत्याल. तेवढं धरून भाव करा."

चार महिने जे त्यानं सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं, ते परक्या माणसाला, भर उन्हात, रस्त्यावर उभं राहून सांगितलं. गिऱ्हाईकानं बॉनेट खाली ओढून लावलं. मग म्हणाला, "राहू द्या. गिअरचं मी बगतो."

व्यवहार झाला. दादानं शेवटचं एकदा बॉनेटवरून हात फिरवला आणि खिशातून किल्ली काढली. उजव्या हातानं काढली आणि डाव्या तळहातावर ठेवली. मूठ वळत नव्हती, पण तळहात उघडा धरता येत होता. तो तसाच त्यानं गिऱ्हाईकापुढं केला. किल्ली तळहाताच्या कडेकडं सरकत होती. पडेल म्हणून माझा हात पुढं गेला होता. मी तो मागं घेतला.