लाल तोंडाची काठी

पाथर्डीहून निघालो तेव्हा मी प्रकल्पाच्या बाजूचा होतो. आमच्याकडे शेतातल्या मोटारीला वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. अंधारात दारं धरताना (पिकाला पाणी वळवताना) मी दोनदा पाटात पडलोय, त्यातला एक पाट शेजाऱ्याचा होता. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात, नदी अडवून वीज करणार असं कानावर आलं. म्हटलं, स्वतः बघून यावं आणि परत येऊन लोकांना चार गोष्टी सांगाव्यात. न विचारता सांगायची सवय मला आधीपासूनच आहे.

राजूरपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर अर्धा बसलेला यशवंता भेटला. सुप्याच्या कारखान्यात कामाला, चार दिवसांची सुट्टी काढून आईकडे निघालेला. त्यानं मला सगळं समजावलं. खाली नदीवर एक धरण, वर सड्यावर (डोंगरमाथ्याच्या सपाटीवर) दुसरं. वीज उरली की पाणी वर चढवायचं, कमी पडली की खाली सोडून वीज करायची.

मी हिशेबी माणसासारखं विचारलं, चढवायला जास्त लागते का उतरताना जास्त मिळते?

"चढवायलाच जास्त लागती, काका. पन नड असती तवाच मिळती ना."

तिथं काम लागलं तर सुपा सुटेल, आईजवळ राहता येईल, एवढंच त्याचं गणित होतं. घर पाण्याच्या रेषेच्या वर राहणार होतं. भाताचं खाचर (बांध घातलेला शेताचा तुकडा) आणि आईचा हिरडा मात्र रेषेच्या खाली.

जीप थांबली तिथून उतरण होती. एप्रिलातला वाळलेला डोंगर, पायाखाली मुरूम. पावसाळ्यात इथं धो धो कोसळतं म्हणे, आणि आता बायका झऱ्यापाशी बसून वाटी वाटीनं हंडा भरत होत्या. यशवंता भराभर उतरत गेला. मी मागे, बसत, घसरत, पँटची नासाडी करत. एका मोठ्या झाडाच्या थोडं वर जमिनीत कमरेइतकी काठी रोवलेली दिसली, टोकाला लाल रंग. गडावर जाणाऱ्यांसाठी पायथ्याशी काठ्या ठेवतात, तशीच सोय या भल्या गावानं केली असणार असं समजून मी ती उपटली. मनातल्या मनात गावाचे आभारही मानले.

यशवंताची आई, चिमाबाई, त्याच झाडाखाली बाळहिरडे वेचत होती. तिनं माझ्याकडे न बघता काठीकडे बघितलं.

"ही कुठली उपटली, भाऊ?"

यशवंता कपाळाला हात लावून खाली बसला. पाणी कुठवर चढणार ते दाखवणारी ती मोजणीची खूण होती. पाहुणा म्हणून आलो आणि पहिल्या पाच मिनिटांत धरणाची हद्दच हातात घेऊन उभा राहिलो.

चिमाबाईनं तरी आधी घरी नेऊन नागलीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि कोरा चहा दिला. जेवताना झाडाचं कळलं. जमीन रानखात्याची, पण कुठला हिरडा कुणाचा हे सगळ्या गावाला पाठ. लग्न झालं त्या वर्षी सासऱ्यानं तिला झाडाखाली नेऊन चार माणसांसमोर सांगितलं, हे तुझं. कागद नाही. मोजणीवाल्यांनी तिच्या नावापुढे झाड लिहिलंच नव्हतं. सोमवारी सुनावणी होती आणि ती तिथं उभी राहून बोलणार होती.

जेवून परत झाडापाशी आलो, तेव्हा लाज झाकायला मी शहाणपणा केला. काठी घेतली आणि झाडाच्या चांगली पंधरा पावलं खाली रोवली.

"घ्या," म्हटलं, "झाड सुटलं."

यशवंता हसला. मग हसू आवरून त्यानं आईकडे बघितलं. "राहू दे ना आये. कोन बघतंय?"

चिमाबाई उठली, काठी उपटली आणि चढ चढून गेली. वाळल्या पानांत बोटं घालून जुनं भोक शोधलं, त्यातच काठी बसवली, दगडानं ठोकली.

"पानी काय काठी बघून थांबनार हाय? आन् झाड माझं हाय ह्याला माझ्या तोंडाबिगर दुसरं काय हाय? हे हलवल्यालं कळलं तर सोमवारी माझं कोन खरं मानंल?"

रेषा होती तिथंच राहिली, झाडाच्या वर.

निघताना तिनं मूठभर वाळके हिरडे माझ्या खिशात घातले. खोकल्याला चांगले, तुरट लागतात, पण वर पाणी प्यायलं की तोंड गोड होतं, असं सांगितलं.

घरी परतलो तेव्हा दिवसाच्या विजेचा आठवडा होता. बायकोनं विचारलं, मग, येणार का कायमची दिवसा वीज? येईल म्हणतात, असं सांगून मी विहिरीवर गेलो. वाटेत भेटलेल्यांना, आश्चर्य म्हणजे, काहीच सांगितलं नाही. तळहाताला लागलेला काठीचा लाल रंग अजून गेला नव्हता. तोंडात हिरडा धरून मोटारीचं बटण दाबलं. पाइपाला पाणी आलं, तशी ओंजळ भरून प्यालो.

गोड लागलं. न लागतं तर बरं झालं असतं.