वाळका भोपळा

त्या शर्यतीत कोण जिंकलं, ते आज आठवत नाही. लोह्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात टीव्हीवर जागतिक जलतरण स्पर्धा चालू होती. पन्नास मीटर फ्रीस्टाइलसाठी मुली काठावर उभ्या होत्या. माझ्या बाकावरची अनोळखी म्हातारी चहा विसरून बघत होती.

"आमच्याकडं पवायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधतेत," ती म्हणाली. "पण पोरांच्याच. माझ्या लेकीला कुणी बांधला न्हाई. पाणी शेंदताना हिरीत गेली."

तेवढ्यात मुलींनी उड्या घेतल्या. म्हातारीनं पदर तोंडाशी धरला. शर्यत संपली, टाळ्या झाल्या, तरी तिचा पदर तसाच.

"मावशी, संपली शर्यत," मी म्हणालो.

पडद्यावरची नजर न काढता तिनं विचारलं, "आल्या का समद्या भाईर?"