अर्धाच द्या

लातूर सोडलं त्या दिवशी आमच्या नळाला पाणी आलं होतं. दहा दिवसांनी पाळी आलेली, त्यामुळे रडायला कुणालाच सवड नव्हती. आई अंगणात पाइप धरून उभी होती आणि मी नव्या ड्रेसची सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून हौदात बादल्या ओतत होते. निघायची वेळ झाली तेव्हा तिच्या पाया पडले. तिनं ओल्या हातानंच माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा बाई आता. ड्रम भरलालाय." एवढाच आमचा निरोप. पुढे पुष्कळ दिवस मला त्याचा राग होता. आता नाही.

स्टेशनवर सोडायला अप्पा आले, म्हणजे माझे वडील. गंजगोलाईच्या बाजारात त्यांचं घागरी, ड्रम आणि प्लास्टिकच्या टाक्यांचं दुकान आहे. गावाला पाणी नसलं की आमचं दुकान जोरात चालायचं आणि अप्पा तितकेच गप्प गप्प व्हायचे. चेन्नईला हैदराबादवरून जायचं होतं. हैदराबादच्या गाडीत त्यांनी मला बसवलं, पाच लिटरचा कॅन पायाशी ठेवला, कपाळावरची विभूती घामानं पुसली गेली होती ती रुमालानं आणखीच पुसली आणि म्हणाले, "तिथं समुद्र हाय म्हणून उगं सांडत बसू नको."

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याच्या दुसऱ्या वर्षाची ही गोष्ट. चेन्नईच्या ऑफिसात गाव सांगितलं की समोरचा थोडा विचार करायचा आणि मग विचारायचा, "ते पाण्याच्या ट्रेनचं लातूर?" डाळीच्या मिलचं, गुळाच्या अडतीचं, शिकवण्यांचं लातूर कुणाला ठाऊक नव्हतं. मी हो म्हणायचे आणि आतून जळायचे.

आमच्या घरात पाण्याचे कायदे होते. प्यायचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं पाणी अंगण धुवायला. पाहुणा आला की त्याला अर्धा ग्लास द्यायचा आणि सोबत सांगायचं, "अजून लागलं तर मागा." त्यात कंजूषपणा नव्हता. ज्यानं मागितलं त्याला दहा वेळा मिळायचं. पण हातात घेतलेलं पाणी मात्र संपवायचंच. उष्टं पाणी मोरीत ओतताना मी एकदाच सापडले होते, सात वर्षांची असताना. अप्पा रागावले नाहीत. नुसते मोरीकडे बघत बसले. ते बघणं अजून आठवतं.

तुम्ही विचाराल, असल्या घरातली मुलगी पोहायला कुठं शिकली? तर उदगीरजवळ मामाच्या शेतात विहीर होती. बरा पाऊस झाला की दिवाळीपर्यंत तिला चांगलं दोन परस, म्हणजे दोन माणसांच्या उंचीइतकं, पाणी असायचं. मामानं माझ्या पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधला, तोही अप्पांच्याच दुकानातला, आणि दिलं ढकलून. तिसऱ्या दिवशी कॅन सुटला तरी मी वरच होते. गावच्या बायका काठावर येऊन म्हणाल्या, पोरीच्या जातीला काय करायचंय हे. मामा त्यांना म्हणाला, बुडायचं नाही एवढंच करायचंय.

चेन्नईनं मला सगळं दिलं. पगार, फ्लॅट, सांबारात भिजलेली इडली खायची सवय, "सेरी सेरी", म्हणजे बरं बरं, म्हणत मान हलवायची लकब. दिला नाही तो कोरडा वारा. लातूरचं ऊन भाजतं, पण सावलीत गेलं की सोडून देतं. चेन्नईचा उकाडा सावलीतही पाठ सोडत नाही. घाम येतो आणि वाळत नाही. अशा हवेत मला पस्तिसाव्या वर्षी ट्रायथलॉनचं वेड लागलं. दीड किलोमीटर समुद्रात पोहायचं, चाळीस किलोमीटर सायकल, मग दहा किलोमीटर पळायचं, आणि हे सगळं चार तासांच्या आत. चार तासांनंतर शेवटच्या रेषेवरची कमान काढून टाकतात आणि तुमचं नाव यादीत येत नाही. बातमी लातूरला पोचली तेव्हा माझा चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "प्यायला न्हाई पाणी अन् ही निघाली पव्हायला." सगळे हसले म्हणे. मी त्याच संध्याकाळी पैसे भरून नाव नोंदवलं.

पहिल्या शर्यतीत पोहणं झकास झालं. खरा घोळ सुरू झाला तो पुढे, पळताना. दर दीड-दोन किलोमीटरवर पाण्याचं टेबल असतं. कागदी ग्लास काठोकाठ भरून मांडलेले असतात. पळणारे ग्लास उचलतात, दोन घोट घेतात, उरलेलं डोक्यावर नाहीतर रस्त्यावर, आणि ग्लास फेकून पुढे. टेबलापुढचा रस्ता सडा घातल्यासारखा ओला. मला ते बघवेना. मी उचललेला प्रत्येक ग्लास तळापर्यंत संपवला. सायकलवरच्या दोन्ही बाटल्या आधीच संपवल्या होत्या. सातव्या किलोमीटरला पोट टम्म फुगलं, डोकं ठणकायला लागलं, आठव्याला कडेला बसून भडाभडा ओकले आणि मला आपण कुठल्या गावात आहोत हेच कळेना. मला उचलून तंबूत नेलं.

तंबूतल्या डॉक्टरबाईंनी तपासलं, रक्त बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही पाणी फार प्यायलात. घामातून मीठ गेलं आणि वरून नुसतं पाणी ओतलंत. जीव जाऊ शकतो यानं." आमच्या गावच्या इतिहासात पाणी जास्त झालं म्हणून आजारी पडलेली मी पहिलीच असेन. सलाइन लागलेल्या हाताकडे बघत मी हसायला लागले आणि हसता हसता रडले. शर्यत अर्धीच राहिली होती.

माझी कोच सेल्वी, पन्नाशीची, काटक बाई. तिनं मला समोर बसवून सांगितलं, की दोन घोट घ्यायचे आणि फेकायचं, शर्यतीत ग्लास संपवायचा नसतो. मी म्हटलं, फेकणार नाही. मग डोक्यावर ओत, ती म्हणाली. प्यायचं पाणी डोक्यावर? मला जमलं नाही. सरावाला तिनं मुद्दाम ग्लास भरून दिले. दोन घोट घेऊन हात वाकडा करायचा, एवढंच काम. माझा हात वाकडा होईना. दर वेळी अप्पा मोरीकडे बघताना दिसायचे. "लहानपणाची सवय आहे, मोडेल," ती म्हणाली. मला ते फार लागलं. ही मोडायची सवय नव्हती. तिच्याच गल्लीत टँकर आला की बायका घागरींची रांग लावतात, आणि रविवारी शर्यत असली की त्याच शहरात रस्त्यावर पाणी ओततात. चूक माझीच का? मी ठरवलं, पाणी फेकणार नाही आणि शर्यतही पुरी करणार. दोन्ही. मीठ बरोबर घेईन, ग्लास अर्धाच मागेन.

दुसऱ्या वर्षी अप्पा स्वतः आले. आईला यायचं होतं, पण नेमकी त्याच दिवशी नळाची पाळी होती आणि घरी कुणीतरी लागतं. अप्पा सत्तरीला आलेले, पांढरी टोपी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. सेल्वीला हात जोडून आमच्याकडचा नमस्कार, "शरणार्थ" म्हणाले. पहाटे समुद्र बघितला आणि चपला काढून थेट पाण्यापर्यंत गेले. मग वाकून ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि हळूच, एक थेंब इकडेतिकडे न उडवता, परत समुद्रात सोडलं.

पोहून आले, सायकल झाली, मिठाच्या गोळ्या वेळेवर घेतल्या. पळायला लागले तेव्हा नऊ वाजले होते आणि हवा अंगाला ओल्या गोधडीसारखी चिकटली होती. पळायच्या रस्त्याला पाच-पाच किलोमीटरच्या दोन फेऱ्या होत्या. पहिल्या टेबलाशी मी ओरडले, अर्धा द्या. गर्दीत कोण ऐकतो? ग्लास आधीच भरून मांडलेले. एक उचलला, चार घोट घेतले, आणि उरलेलं घेऊन फुटपाथवरच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी गेले, तिथं ओतलं. पुढच्या टेबलाशी झाड लांब होतं, तिथं अडीच मिनिटं गेली. मागून येणारे हसले. सेल्वी दुभाजकावर उभी राहून घड्याळ दाखवत होती. पहिली फेरी संपली तेव्हा माझी सहा मिनिटं झाडांपायी गेली होती आणि हिशेब सरळ होता. असंच चाललं तर कमान निघालेली असणार. "फेक," सेल्वी म्हणाली, आणि या वेळी ती विनवत होती.

मला सांगायला लाज नाही, मी फेकणार होते. दुसऱ्या फेरीतल्या पहिल्या टेबलाकडे जाताना मी मनाशी म्हणत होते, एकदाच, अप्पा तिकडे कमानीपाशी खुर्चीत बसलेत, त्यांना काय दिसतंय.

पण अप्पा खुर्चीत नव्हते. ते टेबलामागे उभे होते. बाह्या वर सारलेल्या, हातात जग. नंतर कळलं, पहिली फेरी बघता बघता ते उठून तिथं गेले होते. तमिळ त्यांना येत नाही, पण उदगीरकडच्या गिऱ्हाइकांमुळे कानडी येतं, आणि टेबलावरच्या एका बाईला थोडं कानडी कळत होतं. "अर्धा साकु," अर्धा पुरे, एवढंच ते तिला सांगत राहिले. आधी तिला वाटलं म्हातारा पाणी वाचवायला सांगतोय, पळणारे चिडतील. कुणी चिडलं नाही. अर्धा ग्लास दोन घोटांत संपतो आणि रिकामाच फेकला जातो. मी पोचले तोवर टेबलावर शंभरेक ग्लास होते, सगळे अर्धे, एका पातळीत भरलेले, आमच्या घरी पाहुण्यांना भरतात तसे.

मी खाली बघितलं. त्या टेबलापुढचा रस्ता कोरडा होता.

अप्पांनी ग्लास पुढे केला. शाबासकी नाही, काही नाही. दुकानात गिऱ्हाइकाला बोलावं तसं म्हणाले, "अजून लागलं तर माग."

मी पाणी संपवलं आणि म्हटलं, "द्या अजून अर्धा." त्यांनी दिला. मग मी पळाले. पुढची टेबलं आली तेव्हा मला तहानच नव्हती, मी थांबले नाही. शेवटच्या किलोमीटरला पिंडऱ्यांत गोळे आले, तरी पळाले. कमान उभी होती. चार तासांना चार मिनिटं बाकी होती. सेल्वीनं मला मिठी मारली आणि म्हणाली, तुझ्या वडिलांना पुढच्या वर्षी सगळी टेबलं देऊ.

मेडल गळ्यात होतं तसंच आईला फोन लावला. मागे नळाचा आवाज येत होता. मी सांगितलं, पुरी केली, यादीत नाव आलं. तिनं विचारलं, "सांडलं न्हाई न?" मी म्हटलं, थेंबभर नाही. "बरं झालं बाई. ठेव आता, ड्रम भरलालाय," ती म्हणाली, पण तिनं लगेच ठेवला नाही. पाणी पडत राहिलं आणि आम्ही दोघी ऐकत राहिलो. त्या दिवशी बहुधा पहिल्यांदाच आमच्या अंगणात एक ड्रम भरून वाहिला असेल.

तुमच्यापैकी जे लातूरलाच राहिलात, ते मला फोनवर विचारता, तिकडं बरंय ना, पाणी भरपूर असेल. जे माझ्यासारखे निघून आलात, पुण्याला, हैदराबादला, आणखी कुठं लांब, ते सांगता की गावच्या सवयी गावात सोडून याव्यात, नाहीतर लोक हसतात. हसू देत. मी नोकरी बदलली, भाषा बदलली, पोळी सोडून भात खाल्ला. ही एक गोष्ट बदलणार नाही. पाण्याच्या ट्रेनचं लातूर का, असं कुणी विचारलं की आता मी मान वर करून हो म्हणते.

घर कुठं, असं विचारलं तर मात्र पत्ता सांगायला मला जरा वेळ लागतो. चेन्नईतला फ्लॅट माझ्या नावावर आहे, लातूरचा नळ अप्पांच्या नावावर. त्या सकाळी त्या परक्या रस्त्यावर, एका टेबलापाशी, मला अर्धा ग्लास मिळाला आणि अजून मागायचा हक्क मिळाला. मी अजून अर्धा मागितला आणि मिळाला. घर म्हणून मला तेच टेबल आठवतं.