नऊ ते पाचची स्वस्त वीज

आमच्या कामथडीच्या घरात विजेचा नवा मीटर बसला आणि सासऱ्यांना राज्य मिळालं. दिवसा, नऊ ते पाच, वीज थोडी स्वस्त पडते, हे त्यांना पारावर कुणीतरी सांगितलं. झालं! वॉशिंग मशीन, घरघंटी, पाण्याची मोटर, सगळ्यांच्या बटणांवर कागद चिकटले. नऊच्या आत आणि पाचनंतर कुणी हात लावायचा नाही.

आता मी घरातून निघते सव्वाआठला. कापूरहोळला गाडी बदलून भोरच्या ऑफिसात पोचते, परत येईपर्यंत सात वाजतात. नवरा टेम्पो घेऊन माझ्याही आधी बाहेर. सासूबाईंचे गुडघे गेलेले. म्हणजे वीज स्वस्त कधी, तर मी घरात नसताना! महिनाभर मी पहाटे गार पाण्यात हातानं कपडे धुतले आणि मनातल्या मनात त्या कागदांच्या चिंध्या केल्या.

एका रात्री जेवताना सासरे म्हणाले, "तुझ्या नोकरीपायी दिवसाची स्वस्त वीज वाया जातीया. सोड ती नोकरी. बाई दिवसा घरात असली की मशीनची कामं स्वस्तात हुत्यात."

माझं डोकंच फिरलं. दोनदा परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी, ती काय मशीनचं बटण दाबायला सोडू?

"मामा, नऊ ते पाच घरात कोण असतं?"

"मी असतो की."

"मग बटण तुम्ही दाबा. मी नोकरी सोडणार नाही."

सासूबाईंना हसताना ठसका लागला. सासरे चिडले. "दाबतो! त्यात काय लई इद्या लागतीया?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी दळण घातलं. आधी माझ्या माहेरची, हिर्डोशीची नाचणी, आणि त्यावर लगेच गहू. आमच्यात गहू आधी, नाचणी शेवटी, आणि मग घंटी साफ करायला मूठभर तांदूळ. हे बायकांच्या हातात असतं, कुणी कुणाला सांगत नाही. त्यांनाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी मुद्दाम त्याच, नाचणी मिसळलेल्या पिठाच्या पोळ्या केल्या. निम्म्या तांबूस, कडेला काळपट.

"ह्या असल्या का?"

"स्वस्त विजेच्या आहेत, मामा."

"चाळीस वर्सं म्या दळलं," सासूबाई म्हणाल्या, "एकदा तरी अशी पोळी खाल्ली व्हती का?" ते खाली मान घालून जेवले. मला जराही वाईट वाटलं नाही.

सकाळी मी चप्पल घालत होते, तर सासरे घंटीपाशी पेन्सिल घेऊन उभे.

"आधी गहू का नाचणी?"

"गहू. मग नाचणी. शेवटी मूठभर तांदूळ."

कागदावर नऊ ते पाचच्या खाली त्यांनी ते सावकाश लिहून काढलं. मी अजून दारातच उभी, हे बघून खेकसले, "आता हितं काय बघतीस? जा, गाडी चुकंल तुझी!"