सासनकाठीचा तोल

पहिला झटका आला तो कराडच्या स्टँडवर, भर दुपारी. छातीत धडधड, हातांना मुंग्या आणि आता आपण इथंच पडणार अशी पक्की खात्री. पडलो नाही. बाकावरच्या एका बाईनं पिशवी सरकवून जागा दिली आणि दुसरीकडं बघत बसली. डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला, हृदय ठणठणीत आहे म्हणाले, आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. कुणी नाही, म्हटलं. आई जाऊन वर्ष होत आलेलं, थोरला भाऊ फौजेत, वहिनी आणि पोरं शाळेसाठी साताऱ्यात, आणि मी मलकापुरात एका खोलीत, लग्नाच्या बाजारात कधीचाच शिळा झालेला. डॉक्टरांनी थोड्या गोळ्या दिल्या आणि वजनं उचलायला लागा म्हणाले. मला राग आला. माणूस जिवाची भीती सांगतोय आणि हे त्याला पैलवान करायला निघालेत.

तरी गेलो. महामार्गालगत टायरच्या दुकानावर एक जिम होती. पोरं आरशात बघायची, मी जमिनीकडं. शिकवणाऱ्यानं सांगितलं, वजन उचलताना पोट घट्ट धरायचं, दम रोखायचा, अंग हलू द्यायचं नाही. हे मला लगेच जमलं. तसाही मी वर्षभर दम रोखूनच जगत होतो.

हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. जड लोखंड जमिनीवरून उचलून खाली ठेवलं की छातीत अगदी तीच धडधड व्हायची, तोच घाम सुटायचा. फक्त इथं ती कशानं होते ते मला ठाऊक असायचं, आणि जरा टेकलं की ती आपली आपण उतरायची. मग एसटीत धडधड सुरू झाली तरी मी स्वतःला सांगायचो, उतरेल. बहुतेकदा उतरायची. झोप लागायला लागली, दंड भरून आले. पण हे सांगायचं कुणाला? बाकावर उताणं पडून दांडी छातीवर घेताना मागं कुणीतरी उभं लागतं, अडकली तर हात द्यायला. पोरं विचारायची, काका, थांबू का मागं? मी नको म्हणायचो आणि हलकं वजन घ्यायचो.

चैत्रात चुलत्यांचा फोन आला. आमच्या भावकीकडं जोतिबाच्या सासनकाठीचा मान आहे. घरावरून वर जाईल एवढा उंच वेळू, रंगीत कापडानं मढवलेला. एकानं तो अंगावर पेलायचा आणि चौघांनी चार बाजूंनी त्याचे दोर धरायचे. त्या दोरांना तोरण्या म्हणतात. दरवर्षी भाऊ सुट्टी काढून यायचा आणि काठी तोच नाचवायचा. यंदा त्याला सुट्टी नव्हती. चुलत्यांनी माझं अंग एका लग्नात बघितलं होतं. एवढं कमावलंयस ते काय खुंटीला टांगायला, म्हणाले. गर्दी म्हटली की मी चार हात लांब. पण आईमागं गावानं माझ्याकडं मागितलेलं हे पहिलंच काही होतं. नाही म्हटलं असतं तर पुन्हा कुणी विचारलं नसतं, आणि आई गेल्यापासून बंद असलेल्या गावच्या घराचं कुलूप तसंच गंजून गेलं असतं. हो म्हटलं.

चावडीसमोर काठी अंगावर घेतली तेव्हा मनात आलं, हात्तिच्या, याहून जड तर मी रोज उचलतो. तोरण्या धरणाऱ्यांना ऐटीत सांगितलं, ढिल्या सोडा, मी बघतो. हलगी वाजायला लागली, गुलाल उडाला, आणि मी जिममध्ये करतो तेच केलं. पोट घट्ट, पाय रोवलेले, दम रोखलेला. पण लोखंड गप्प असतं, वेळू नसतो. वर वारा लागला, शेंडा डोलला. मी आणखी ताठलो, शेंडा आणखी कलला. मग ती धडधड आली, स्टँडवरची. लोखंड खाली टाकता येतं. काठी टाकता येत नव्हती, समोर पोराबाळांना घेऊन बायका उभ्या होत्या.

समोरची तोरणी चुलत्यांच्या हातात होती. ते म्हणाले, "दम सोड रं. आन् जरा आमाला वढू दे."

सोडला. चारी बाजूंनी ओढ आली, शेंडा सरळ झाला, आणि मग माझे पाय हलगीच्या ठेक्यावर पडायला लागले. देवळापर्यंत पोचलो. धडधड शेवटपर्यंत होती, पण मी पळालो नाही.

उन्हं कलल्यावर जो तो आपापल्या घरी गेला. मी आमच्या घराचं कुलूप काढून उंबऱ्यावर बसलो. अंगावर सगळा गुलाल, आणि बघायला कुणी नाही. आईची फार आठवण आली. तेवढ्यात भावाचा फोन आला. तोल गेला होता म्हणे, त्यानं विचारलं. बातमी सीमेवर माझ्याआधी पोचली होती. गेला होता, म्हटलं. आणि मग कुणाला कधी न सांगितलेलं त्याला सांगून टाकलं.

"मला लय भ्या वाटतं दादा. सारखंच."

घरटी एक शिपाई असलेल्या आमच्या गावात पुरुषानं हे वाक्य बोलायचं नसतं. तो हसेल म्हणून मी वाट बघत राहिलो. तो हसला नाही.

"सुट्टी मी मागितलीच न्हवती," तो म्हणाला. "गर्दीत उभं ऱ्हाववत न्हाई मला. दोन साल झाली."

गेल्या वर्षी त्यानं काठी नाचवली तेव्हा मी चावडीच्या भिंतीला पाठ लावून उभा होतो. त्याला कसलीच भीती नाही, असं मनाशी म्हणत होतो. डॉक्टरांनी मला विचारलं होतं तेच मी त्याला विचारलं, जवळ कोण असतं?

"आख्खी पलटण हाय की," तो म्हणाला. फोनवर त्याचा श्वास ऐकू येईना, दम रोखलेला. ते मला ओळखू आलं.

"दम सोड दादा," मी म्हटलं. "मी हाय हिकडं."