रोवणीच्या आधी

बातमी आली तो दिवस अगदी साधा होता. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झालेली, तुमसरहून सिहोऱ्याला जाणारी आमची गाडी रोजच्यासारखी थोडी उशिरा निघालेली, आणि पटले मॅडमच्या डब्यातून लाखोरीच्या डाळीच्या वड्यांचा वास येत होता. वडे शाळेत पोहोचायच्या आधीच संपतात, हाही रोजचाच नियम.

प्रणाली खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "निखिलले गॅबॉनची ऑफर आली."

पटले मॅडमनी तोंडाजवळ नेलेला वडा खाली घेतला आणि विचारलं, "कोणत्या तालुक्यात येते?"

अप-डाऊन करणाऱ्या मास्तरांकडे किस्से कसे साठतात, ते आमचं आम्हालाही कळत नाही. धानाच्या पोत्यातून कोंडा गळावा तसे ते गाडीच्या कोपऱ्यात जमतात. झाडायला कोणाला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर मनही होत नाही.

आमच्या गाडीत चार मास्तर आणि चालवणारा गजूभाऊ. बोरकर सर भूगोलाचे, निवृत्तीला आलेले. पटले मॅडम हिंदीच्या. प्रणाली गणिताची, आमच्यात सगळ्यात लहान. तिचा नवरा निखिल चिखल्याच्या मॅंगनीज खाणीत इंजिनिअर. मोठी आर्वी पहिलीत, धाकटा विहान तीन वर्षांचा. मी मराठी शिकवते.

गजूभाऊच्या मागची खिडकीची जागा सरांची. सर म्हणजे माझे यजमान. आमच्याच शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे चारचौघांत मीही त्यांना सरच म्हणत असे. ते गेल्याला दोन वर्षं झाली. त्या जागेवर आता डबे ठेवतात. रस्त्यात कोणी हात दाखवून चढलंच, तर गजूभाऊ आरशातून सांगतो, "ते जागा रिझर्व आहे जी."

*

गॅबॉन आफ्रिकेत आहे, हे बोरकर सरांना माहीत होतं. नेमकं कुठे, ते दाखवायला त्यांनी मधल्या सुट्टीत शाळेचा पृथ्वीगोल कपाटातून काढला. आम्ही सगळे भोवती जमलो. बोरकर सरांनी धूळ पुसली, गोल फिरवला, बोट आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणलं आणि बोट आत गेलं.

तिथे भोक होतं! पोरांनी कधीतरी पृथ्वीचा फुटबॉल केला होता.

"म्हणजे देश नाही?" पटले मॅडम घाबरल्या.

"देश आहे," बोट बाहेर काढत बोरकर सर म्हणाले. "सध्या खड्डा आहे. पण विषुववृत्तावर आहे, म्हणजे थंडी नाही. स्वेटरची तरी कटकट वाचली!"

प्रणाली मात्र त्या भोकाकडे पाहत राहिली. परतताना हळूच मला म्हणाली, "मॅडम, माझे दोन लेकरं घेऊन मी त्या खड्ड्यात जाऊ का, नको जाऊ?"

हा प्रश्न त्या दिवशी गाडीत चढला, तो उतरायलाच तयार नव्हता. निखिल एकटा गेला तर लेकरं बापाशिवाय वाढणार. सगळे गेले तर प्रणालीची पक्की नोकरी बिनपगारी रजेवर टांगणीला, आर्वीची शाळा फ्रेंचमध्ये, आणि विहानला तर अजून मराठीही नीट फुटलेली नव्हती. निखिल म्हणाला होता, "तू म्हणशील तसं." या वाक्यानं तर तिची झोपच उडवली होती.

*

शनिवारी सकाळची शाळा असते. सासूबाई गावाला गेल्या की प्रणाली आर्वीला सोबत आणते. असाच एक डिसेंबरातला शनिवार. धुकं इतकं की गाडी चालतेय की रस्ताच मागे सरकतोय, कळत नव्हतं. धान कापून झालेल्या बांध्या, भाताची ती खाचरं, पांढऱ्या पडलेल्या. तलावाच्या पाळीजवळ, मातीच्या बांधाशी, आलो तेव्हा धुकं जरा उचललं गेलं आणि पाण्यावर बदकं दिसली. किती होती कोण जाणे. निम्मी पाण्यावर, निम्मी पाण्यातल्या आभाळात.

गजूभाऊनं न सांगता गाडी हळू केली. सर असताना ते दर हिवाळ्यात इथे हळू करायला लावत. गजूभाऊच्या पायाला ती सवय राहिली आहे.

"हे पाहुणे आहेत," बोरकर सर आर्वीला म्हणाले. "लांबच्या देशातून येतात. लेकराबाळांसह."

आर्वी बराच वेळ काच पुसून पाहत होती. मग तिनं विचारलं, "मग यायच्या लेकरायची शाळेतून टीसी कोण काढते?"

मास्तरणीची पोर ती! आम्ही हसलो. प्रणालीही हसली, पण तिचं हसणं सगळ्यांच्या नंतर थांबलं, आणि नीट थांबलं नाही.

*

प्रणालीचं सासर पवनी तालुक्यातलं आसगाव. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसभर बाजार, रात्रभर नाटक, आणि घरात पाहुणेच पाहुणे. यंदा आसगावच्या मंडईला जमलेल्या सगळ्या पाहुण्यांना एकच विषय मिळाला. तो वृत्तान्त तिनं आम्हाला चार दिवस पुरवून पुरवून सांगितला.

मामेसासऱ्यांनी सूत्रं हातात घेतली. निखिलला समोर बसवून पहिला प्रश्न: "तिथं भात भेटते का?"

"भेटते, मामाजी."

"मंग जा!"

निकाल लागला. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून एक काका म्हणाले, "पण बारीक का मोठा?"

झालं! त्यावर जे सुरू झालं ते नाटकाची तिसरी घंटा होईपर्यंत संपलं नाही. बारीक तांदळावर मोठ्या कष्टाचं काम होतं का, मोठा लेकरांना पचतो का, तिथल्या पाण्यात तो किती फुगतो! गॅबॉनला गेलेलं त्यांच्यात कोणीच नव्हतं, पण तिथल्या तांदळाबद्दल प्रत्येकाला खात्री होती.

विहान सासूबाईंच्या मांडीवर झोपला होता. पाहुणे नाटकाला निघाले तेव्हा त्या कोणाकडेही न पाहता म्हणाल्या, "तिथं हा आजी कोणाले म्हणन?"

प्रणालीनं हे सांगितलं त्या दिवशी वडे शाळेपर्यंत तसेच राहिले.

*

एकदा परतीच्या वाटेवर तिनं मला थेटच विचारलं. "मॅडम, सरांनाही बाहेरची नोकरी आली होती नं? पोरं लहान असताना? मंग तुम्ही काहून नाही गेल्या?"

गाडीतले सगळे एकदम आपापल्या मोबाइलमध्ये पाहू लागले. रेंज कोणालाच नव्हती. सिहोऱ्याहून निघालं की नाल्याच्या पुलानंतर रेंज जाते, आणि पूल मागे पडला होता.

नोकरी आली होती हे खरं. मालदीवच्या एका बेटावर, विज्ञान शिकवायची. सरांनी समुद्र पाहिला नव्हता. तरी दरवर्षी ते आठवीला भरती-ओहोटी शिकवायचे, आणि अशी शिकवायचे की पोरं पाय वर घेऊन बसत. एकदा एका पोरानं विचारलं, "सर, तुम्ही पाहिली का भरती?"

सर म्हणाले, "नाही. पण चंद्र पाहिला आहे."

प्रणाली उत्तराची वाट पाहत होती.

"रोवणी होती," मी म्हटलं.

"काय?"

"जुलैमध्ये हजर व्हायचं होतं. घरची धानाची रोवणी तोंडावर आली होती. मामंजी एकटे. सर म्हणाले, एवढी रोवणी होऊ दे, मग जाऊ."

"मंग?"

"मग पुढच्या वर्षी पुन्हा रोवणी आली."

पटले मॅडमना हसू आवरेना. मग सगळेच हसले, मीही. खरंच दुसरं काही घडलं नव्हतं. कोणी नाही म्हटलं नाही, भांडण झालं नाही. दरवर्षी पाणी पडायचं, धानाच्या पऱ्ह्याची रोपं हिरवी व्हायची, ती उपटून बांधीत लावायचे दिवस यायचे, आणि समुद्र एक वर्ष पुढे सरकायचा.

*

आता मतदानाचा किस्सा. तो आमच्या गाडीशिवाय कुठेही घडला नसता.

फेब्रुवारी आला. निखिलला महिनाअखेर उत्तर द्यायचं होतं. प्रणालीचं गणित रोज नवं उत्तर देत होतं. शेवटी बोरकर सर म्हणाले, "लोकशाही मार्गानं सोडवू. गुप्त मतदान!"

बोरकर सरांनी इतक्या निवडणुकांत केंद्राध्यक्षाची ड्युटी केली आहे की त्यांना घरी पोळ्याही सीलबंद लागतात, असं त्यांची बायकोच म्हणते. पटले मॅडमचा वड्यांचा रिकामा डबा ही मतपेटी. चिठ्ठीवर 'जा' किंवा 'राहा'. मतदार पाच, प्रणालीलाही मत. बोटाला शाईऐवजी लाल पेन.

"आणि आधी मॉक पोल!" सर गरजले.

"सर, डब्यात मॉक पोल?"

"नियम म्हणजे नियम."

मग सगळ्यांनी खोटं मतदान केलं. सरांनी डबा उघडला, मोजल्यासारखं केलं, चिठ्ठ्या खिडकीबाहेर झटकल्या, डबा उलटा करून सगळ्यांना दाखवला. "रिकामा. एजंटांचं समाधान झालं?"

"झालं!"

खऱ्या मतदानासाठी गजूभाऊनं मोहाच्या झाडाखाली गाडी उभी केली. "मी तं ड्युटीवर आहो जी. मले पोस्टल मत नाही भेटणार?" सरांनी त्याला रांगेत उभं केलं. रांगेत तो एकटाच होता.

मोहाची फुलं पडायला अजून वेळ होता. वाऱ्याला नुसता त्यांचा अंदाज येत होता. आम्ही एकेक करून चिठ्ठी लिहिली, हाताआड धरून, परीक्षेतल्या पोरांसारखी. प्रणालीनं सगळ्यात शेवटी टाकली. आता कोणी थट्टा करत नव्हतं.

बोरकर सरांनी मोजलं. जा, तीन. राहा, तीन.

मतदार पाच. मतं सहा!

सरांचा चेहरा पांढरा पडला. इतक्या निवडणुका केल्या, मॉक पोलचं मत साफ करायचं राहिलं असं एकदाही झालं नव्हतं. त्यांनी डबा तर दाखवला होता. झाकण दाखवलं नव्हतं. वड्याच्या तेलानं एक चिठ्ठी झाकणाला आतून चिकटून बसली होती. आणि आता सहाही चिठ्ठ्या तेलकट! खोटी कोणती, सांगायचं कसं?

"निवडणूक रद्द," बोरकर सर पुटपुटले.

तेवढ्यात पटले मॅडम सहज म्हणून गेल्या, "ते सहावं सरांचं असन."

त्यांनी लगेच तोंडावर हात ठेवला. सगळ्यांनी गजूभाऊच्या मागच्या त्या जागेकडे पाहिलं. उन्हाचा एक चौकोन डब्यांवर पडला होता. गजूभाऊनं गाडी सुरू केली.

बऱ्याच वेळानं प्रणालीनं मला विचारलं, "मॅडम, काय टाकलं असन त्यांनी?"

मी म्हटलं, "मतदान गुप्त असतं."

*

दुसऱ्या दिवशी प्रणाली गाडीत चढली तीच डोळे सुजलेले आणि चेहरा धुतल्यासारखा घेऊन. बसली. डबा सरांच्या जागेवर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जाऊन राहिलो आम्ही, मॅडम. रोवणीच्या आधी!"

बोरकर सरांनी खिशातून लाल पेन काढून तिच्या बोटावर पुन्हा एक रेघ ओढली.

सासूबाईंनी चार महिने विहानला एकच धडा दिला. आंघोळ घालताना, भरवताना, झोपवताना: "मी कोण?" तो म्हणायचा, "आजी." जायच्या दिवशी विमानतळावर त्यांनी शेवटचं विचारलं, "मी कोण?" विहान कंटाळला होता. म्हणाला, "तूच सांग!"

*

जुलैचा पहिला आठवडा. रोवणीला सुरुवात झालेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बांध्या काठोकाठ भरलेल्या, त्यात आभाळ, आणि आभाळात वाकलेल्या बाया. शाळा सुटून आम्ही परतत होतो. प्रणालीच्या जागेवर कोणी बसलं नव्हतं. तीही रिझर्व, हे गजूभाऊनं कोणी विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

सिहोऱ्याच्या बाहेर पडतो न पडतो तोच पटले मॅडमचा फोन वाजला. प्रणालीचा व्हिडिओ कॉल. निखिलची खाण देशाच्या आत, खूप लांब. पण कामाच्या कागदांसाठी ते आठवडाभर किनाऱ्यावरच्या शहरात थांबले होते. तिथे दुपार. प्रणाली वाऱ्यात काहीतरी ओरडत होती, ऐकू येत नव्हतं. फोन हातोहात फिरला. खड्ड्यांनी कधी तिचं कपाळ दिसे, कधी निखिलची चप्पल.

"असं नाही दिसणार," म्हणून बोरकर सरांनी फोन घेतला आणि सरांच्या जागेवर डब्याला टेकवून उभा केला.

आता नीट दिसलं. आर्वीनं तिकडे फोन हिसकावून घेतला असावा. ती धावत होती आणि सगळं हलत होतं. मग ती थांबली. राखाडी पाणी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. सीटच्या रेक्झिनवर, खिडकीला लागून, तेवढ्याच जागेत.

"मॅडम आजी!" आर्वी ओरडली. "पाहा, केवढा तलाव! याले पाळच नाही!"

एक लाट आली, पुढे सरकली, मागे गेली. दुसरी उठत होती. बाहेर पऱ्ह्यांच्या पेंढ्या पाण्यात पडत होत्या.

समोर नाल्याचा पूल दिसत होता, पलीकडे रेंज नाही. गजूभाऊला गाडी थोडी थांबव म्हणायचं होतं. म्हणायचं राहून गेलं.